पुढचं डावं चाक

"काका, झालं का? ट्रकवाला गेटवर बोंबलतोय," चैतन्यने तिसऱ्यांदा विचारलं.

"बोंबलू दे. त्याला काय रेस लावायचीये?" लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून धोंडिराम म्हणाला.

दुपारचे तीन वाजले होते आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गॅरेजात पंखासुद्धा गरम वारा मारत होता. चैतन्य पवईचा. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि दर महिन्याला गाडी ट्रकवर घालून तिकडे दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर न्यायचा. दोन दिवस आपलीच गाडी आपणच पिदडायची, हौस एकेकाची! रस्त्यावर जे बेरिंग लाखभर किलोमीटर बिनबोभाट चालतं, ते तिथं वर्षभर काढत नाही. ब्रेक पॅड दोन-तीन खेपांत पापडासारखे पातळ होतात. कुठला पार्ट कधी दगा देईल हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. या गॅरेजात त्यासाठी धोंडिरामचा हात होता. चाकामागच्या स्प्रिंगवर डावा हात ठेवायचा, उजव्यानं चाक फिरवायचं. बेरिंग आतून खराब होऊ लागलं, की कानाच्या आधी बोटांना कळतं. चारही चाकं बघून त्यानं टायरवर खडूची रेघ ओढली, की मगच गाडी ट्रकवर चढायची. गॅरेजच्या मालकानेही हा शिरस्ता कधी मोडला नव्हता.

आज चार रेघा ओढून झाल्या होत्या. आणि खरं सांगायचं, तर धोंडिरामला एकाही चाकाचं काही कळलं नव्हतं.

पस्तीस वर्षं हवेच्या गनने नट खोलून खोलून बोटांतला जीवच गेला होता. दिवाळीपासून शर्टाची बटणं शकु, त्याची बायको, लावून द्यायची. "डॉक्टरला दाखवा हो," ती रोज म्हणायची. "दाखवू गं," हा रोज म्हणायचा. गॅरेजात मात्र त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. कुठल्या गाडीत काय कधी बदललं ते आठवायचं, अंदाज बांधायचा आणि हाताला लागल्यासारखा चेहरा करायचा. माणूस लबाड नव्हता हो. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी हात गेला म्हणून सांगायचं कोणाला, आणि सांगून जायचं कुठं?

अक्षता चाकांचे नट आवळत होती. डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी आलेली, धोंडिरामनेच शिकवलेली. पुढच्या डाव्या चाकापाशी ती थांबली. स्प्रिंगवर हात ठेवून तिनं चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"काका, हे खरखरतंय."

"जूनमध्ये नवीन टाकलंय गं ते."

"जूनमध्ये उजवं टाकलं. मीच तर प्रेस मशीनवर दाबून बसवलं होतं ना."

धोंडिराम पुढे झाला. त्यानं स्प्रिंगवर हात ठेवला, तिनं चाक फिरवलं. काही नाही. त्यानं हात आणखी दाबून धरला. तरी काही नाही.

"लागतंय ना?"

त्यानं हात काढून घेतला. अक्षताने त्याच्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"ए अक्षता, काकांची रेघ आहे ना त्यावर? मग विषय संपला यार," चैतन्य वैतागला. "उतरव गाडी."

उद्या हा पोरगा एकशे साठच्या वेगात वळणावर जाणार, आणि का, तर आपण खडूनं एक रेघ मारली म्हणून. धोंडिराम त्या रेघेकडे बघत होता.

अक्षता वाकून हळूच म्हणाली, "काका, टाइम झालाय म्हणून बदलतोय, असं सांगा. मी काही बोलणार नाही."

"सर, गाडी थांबेल," धोंडिराम मोठ्याने म्हणाला. "बेरिंग बदलायचं."

चैतन्यने कपाळावर हात मारला. दीड तास गेला. जुनं बेरिंग निघालं, तेव्हा अक्षताने ते त्याच्यासमोर धरून फिरवलं. ते कटकट करत अडखळलं. आतल्या पोलादाचे खवले निघाले होते.

"बाप रे!" चैतन्यचा चेहरा उतरला. "उद्या माझी वाट लागली असती. काका, दुसऱ्यांदा हात लावून बघितलंत म्हणून वाचलो. तुमच्या हाताला मानलं!"

इथं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्षतानेही मान खाली घातली होती. पण रोज रोज तो चेहरा करून धोंडिराम दमला होता. फार दमला होता.

"माझा हात नाही, सर. हिचा," तो म्हणाला. "मला काही लागलंच नाही. दिवाळीपासून लागत नाही. ती रेघ मी अशीच मारली."

"म्हणजे मागच्या महिन्यात..."

"मागच्या महिन्यातपण."

 रागवावं की काय करावं, चैतन्यला सुचेना. मग तो फोन कानाला लावून गेटकडे चालू लागला. "भाई, अजून तासभर थांब," एवढंच ऐकू आलं.

धोंडिरामने फडकं घेतलं आणि चारही टायरवरच्या रेघा पुसून काढल्या.

"बाकीची तीन तू बघ."

"काका, अहो..."

"हात ठेव. चाक मी फिरवतो."

अक्षताने मागच्या स्प्रिंगवर हात ठेवला आणि डोळे मिटले. धोंडिरामने चाकाला झोका दिला.

"थोडं हळू, काका."

त्यानं हळू फिरवलं.