वाजणारी पुली

नवरा फील्डवर असला की बाई गाडीशी भांडते. तो रजेवर आला की गाडी राहते बाजूला आणि ती नवऱ्याशी भांडायला लागते.

लखनऊ छावणीत आमची अख्खी रांगच अशा बायकांची होती. सगळ्यांचे नवरे काश्मीरमध्ये नाहीतर पार ईशान्येला. आम्हाला राहायला क्वार्टर दिलेलं, बाकी सगळं आमचं आम्ही बघायचं. गॅसचा नंबर मी लावायचे, मुलाला बोर्डिंगमध्ये पोहोचवायला चारबाग स्टेशनवर मी जायचे आणि आमच्या जुन्या फियाटचं तेलपाणीही मीच बघायचे. दोन वर्षांत त्या गाडीची नाडी मला चांगली कळायला लागली होती.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये हे रजेवर आले. हे म्हणजे लेफ्टनंट कर्नल संग्राम मोहिते, तोफखान्यातले. रजा नावाची, खरं काम वैद्यकीय तपासणीचं होतं. कर्नलच्या बढतीत यांचं नाव आलं होतं, आता स्वतःची रेजिमेंट मिळायची होती. तब्येत पहिल्या श्रेणीची आहे एवढा डॉक्टरांचा शेरा हवा होता. तपासणी शुक्रवारी, लष्करी इस्पितळात. या एका गोष्टीसाठी या माणसाने सगळी नोकरी घासली होती, आणि मीही त्यांच्याबरोबर बिऱ्हाडं बांधत आणि सोडत हिंडले होते.

आल्याच्या दिवशीच मी सांगितलं, "अहो, गाडी वाजतेय. पुढून, पंख्याच्या मागून. आणि लांब गेलं की तापते."

"तापते ना? मग थर्मोस्टॅट," हे म्हणाले. गाडीकडे बघितलंही नव्हतं अजून.

"पण वाजते त्याचं काय? तेलीबागच्या मिस्त्रीने बेल्ट बदलला, तोही एका बाजूने कुरतडल्यासारखा झालाय."

"मिस्त्री काय, बेल्टच बदलणार. तू आता यात पडू नकोस, मी आहे ना."

मी आहे ना! दोन वर्षं कोण होतं, हे विचारायचं तोंडावर आलेलं मी गिळलं. घरी आलेल्या माणसाशी पहिल्याच दिवशी वाजवायचं नाही, असं मी दर रजेला ठरवते.

मग थर्मोस्टॅट बदलून झाला. गाडी वाजत होती आणि तापतही होती. मग रेडिएटर उतरवला, नळाखाली धुतला, अंगणभर तांबडं पाणी केलं आणि परत बसवला. गाडी वाजतच होती. यांचं कामाचं तंत्र तोफखान्यातलं: एक एक शक्यता खोडत जायची, घाई करायची नाही. पण मी सांगत होते ती शक्यता मात्र यांच्या यादीतच नव्हती.

"आवाजाकडे बघा ना आधी," मी म्हणाले.

"कसला आवाज? इंजिन आहे, इंजिनासारखा आवाज करणारच."

"अहो, शिट्टी वाजावी तसं वाजतंय."

"तुझ्या मनात बसलंय ते."

माझं डोकंच फिरलं. बाईने सांगितलेलं मनातलं आणि पुरुषाने सांगितलेलं निदान, हा कुठला न्याय? शेजारच्या मिसेस तिवारी कुंपणापाशी आल्या आणि हसत म्हणाल्या, "भाईसाहब, आपकी गाड़ी स्टार्ट होती है तो हमारी अम्माजी की नींद खुल जाती है।" हेही हसले, "जी, जी, भाभीजी," म्हणाले, आणि आत येऊन मला म्हणाले, "काय सांगत होत्या त्या?" मला वाटलं मुद्दाम विचारतात. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

त्या रजेत आमचं बोलणं असंच चाललं होतं. मी स्वयंपाकघरातून काही विचारावं, बाहेरून उत्तर नाही. पुन्हा विचारावं तर "ओरडतेस कशाला?" टीव्ही इतका मोठा की भिंती हलाव्यात. मला वाटायचं, बढतीच्या काळजीत आहेत, किंवा आता आपल्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही. दुसरं वाटलं की रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. खोटं कशाला सांगू?

गुरुवारी दुपारी यांनी पुन्हा बॉनेट उघडलं. आता हेड गॅस्केट गेलंय असं यांचं म्हणणं होतं. म्हणजे इंजिन खोलणं, म्हणजे उरलेली रजा गेली. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले. गाडी सुरू होती आणि पुढून इतका कर्कश आवाज येत होता की दात आंबावेत. समोरच्या बंगल्यातला कुत्रा उठून मागच्या बाजूला निघून गेला.

हे इंजिनावर वाकले होते. वर बघून समाधानाने म्हणाले, "बघ देविका. आता तरी कुठे आहे आवाज?"

मी यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा करताना यांची डावी भुवई हलते, ती हलली नव्हती. हा माणूस खरंच सांगत होता.

मी कप चौथऱ्यावर ठेवला आणि आत हात घालून किल्ली फिरवली. गाडी बंद झाली, सगळं शांत झालं. हे पाठमोरे वाकून पाना लावत होते. मी चार पावलं मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "संग्राम, मी उद्या माहेरी जातेय. परत येणार नाही."

नावाने मी यांना कधी हाक मारलेली नाही. हे पाना फिरवत राहिले. थोड्या वेळाने फडकं घ्यायला वळले आणि माझा चेहरा बघून थांबले.

"काय झालं?"

"कधीपासून?" मी विचारलं.

काय कधीपासून, असं यांनी विचारलं नाही. पाना खाली ठेवला, हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"दोन वर्षं झाली असतील," हे म्हणाले. "बारीक आवाज येत नाहीत. पाखरं, फोनची घंटा, असले. माणूस समोर असला की कळतं. ओठ दिसले की जमतं."

"आणि तपासणीत? गेल्या वर्षी कसे पास झालात?"

"डॉक्टर मागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणतात, ते आपण परत सांगायचे. समोर काचेचं कपाट होतं. त्यात त्यांचे ओठ दिसत होते." यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "उद्याही ते कपाट तिथेच असेल."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. दोन वर्षं मी ज्याच्यावर रुसले, ज्याला घालूनपाडून बोलले, त्या माणसाला त्यातलं अर्धं पोहोचलंच नव्हतं. आणि यांनी मला सांगितलं नव्हतं. सगळ्या जगापासून लपवावं, पण माझ्यापासून? लगेच दुसरा विचार आला: नापास झाले तर फील्ड बंद, इथेच कुठेतरी टेबलाचं काम मिळेल, घरी राहतील. त्या विचाराची लाज वाटली. पण आला, आणि बरं वाटलं.

"तोफांवर असताना वायरलेसवर एखादा आकडा चुकीचा ऐकू आला तर?" मी विचारलं.

हा प्रश्न यांनी स्वतःला माझ्याआधी विचारला असणार, हे तोंडावरून कळत होतं.

मग मी यांचा हात धरला. रागातच धरला. बेल्ट सैल करून काढला आणि यांचा हात पंख्यावर ठेवला. फियाटमध्ये पंखा आणि वॉटरपंपाची पुली एकाच दांड्यावर असतात. "हलवून बघा," मी म्हणाले, यांच्यासमोर उभी राहून.

यांनी पंखा पुढेमागे हलवला. पुलीही त्याच्याबरोबर लटलट हलली. हळूच फिरवली तेव्हा यांच्या बोटांना आतली खरखर जाणवली असावी, कारण भुवया वर गेल्या. मग हे एकदम कामाला लागले. डायनामोची पुली फिरवून बघितली, ती घट्ट होती आणि गुळगुळीत फिरत होती. पंपाखाली बोट नेलं तर ओलं लागलं. बेल्टची कुरतडलेली कड वॉटरपंपाच्या पुलीला लावून बघितली, बरोबर जुळली.

"पंपाचं बेअरिंग गेलंय," हे म्हणाले. "पुली वाकडी फिरते, म्हणून बेल्ट एका बाजूने जातो आणि घसरतो. पाणी फिरत नाही, म्हणून तापते." पुली हातात तशीच धरून यांनी विचारलं, "आणि हे वाजत होतं?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"मोठ्याने?"

"मिसेस तिवारींच्या सासूबाई जाग्या व्हायच्या. तेच सांगत होत्या त्या."

हे चौथऱ्यावर बसले. "अजून थोडी चालली असती तर दांडा तुटून पंखा रेडिएटरात घुसला असता," हे म्हणाले. चहा गार झाला. तो प्यायचं यांनाही सुचलं नाही आणि नवीन करायचं मलाही नाही. रात्री जेवताना टीव्ही बंद होता.

सकाळी मी उठले तेव्हा हे युनिफॉर्म घालून तयार होते. गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती आणि फाटकाशी यांनी सायकलरिक्षा बोलावून ठेवली होती. मी आपली केस विंचरत दारात आले. इस्पितळात बायकांना कोणी बोलवत नाही आणि यांनी आजवर कधी नेलंही नव्हतं.

"तू अजून तयार नाहीस?" हे म्हणाले.

"मी कशाला?"

"आत गेल्यावर मीच सांगणार आहे त्यांना. मग काय काय तपासतील, काय म्हणतील, मला नीट कळायचं नाही. तू ऐक."

मी आत जाऊन साडी बदलली. निऱ्या नीट बसेनात, तशाच खोचल्या. बाहेर आले तर हे रिक्षात बसले होते. मी सवयीने डावीकडून चढायला लागले तसे हे सरकले आणि त्यांनी पलीकडची जागा मोकळी केली.

"उजवीकडे बस," हे म्हणाले. "त्या कानाने त्यातल्या त्यात बरं ऐकू येतं."