कोपऱ्यावरचं टेबल

विनी दुधाच्या क्रेटवर चढली तसा तो करकरला आणि सभागृहात कोणीतरी कौतुकानं हसलं. कारकुनानं माइक जमेल तेवढा खाली ओढला, तरी तो तिच्या कपाळापर्यंतच आला. समोर नगरपरिषदेचे सदस्य, मधोमध अध्यक्षबाई. त्यांच्यापुढे एक छोटा दिवा. बोलायला तीन मिनिटं. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरतं घ्या, तांबडा म्हणजे बसा.

दिवा हिरवा झाला.

"नाव सांग, बाळा."

"विनिफ्रेड डोब्रोस्की. मी दहा वर्षांची आहे."

हे पाठ होतं. पुढचंही पाठ होतं. पहिल्या रांगेत तिचे बाबा, क्लेटन, पुढे झुकून बसले होते आणि तिच्याआधी स्वतःचेच ओठ हलवत होते. पुढचं वाक्य होतं: त्या माणसानं माझं सरबताचं टेबल बंद केलं आणि मी खूप रडले.

तो माणूस शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. मांडीवर टोपी, टोपीवर दोन्ही हात.

शनिवार, बाबा सांगतात तसा

"आमची विनी. एवढीशी पोर. हिच्या मनात आलं, लिंबू सरबत विकावं. कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही. पहाटे उठून लिंबं पिळली. पन्नास सेंटला पेला. आणि येतो कोण? नगरपरिषदेचा निरीक्षक! म्हणतो, परवाना दाखव."

न्हाव्याच्या दुकानात बाबांनी हे सांगितलं तेव्हा त्या गोष्टीतला निरीक्षक हॅसलर नुसता खेकसला होता. हॉटेलात काउंटरला टेकून सांगितलं तेव्हा त्यानं विनीचा हात धरला. चर्चच्या हिरवळीवर पोचेपर्यंत त्यानं टेबलाला लाथ मारली होती.

"बाबा, लाथ नव्हती मारली."

"अगं, तिखटमीठ लावल्याशिवाय कोण ऐकतं? लोकांना कळायला नको, काय चाललंय या गावात?"

लोक ऐकत होते. बाबांच्या पाठीवर थापा मारत होते. बाबा विनीचा हात सोडत नव्हते. दोन वर्षांपूर्वी घर सोडून औषधांच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायला गेल्यापासून ते इतक्या वेळा तिला न्यायला आले नव्हते. विनीनं मग लाथेबद्दल बोलणं सोडून दिलं.

शनिवार, टीव्हीवर

विनीचा फोटो. पिवळा फ्रॉक, कागदी पेल्यांची चळत, गालावर एक थेंब. कॅमेरा थेंबाच्या जवळ जवळ जातो. निवेदिका मान हलवते. मग हवामान.

दुसऱ्या दिवशी विनी सायकलवरून मिस्टर हॅसलर यांच्या घरावरून गेली. ओसरीवर, पायऱ्यांवर, गवतात पिळलेली लिंबं पडली होती, कोणीतरी टोपलीच भिरकावल्यासारखी. ते गुडघ्यावर बसून एकेक फोड उचलून बादलीत टाकत होते. विनीला बघून त्यांनी हात हलवला. तिनं पॅडल जोरात मारलं.

शनिवार, पत्रकावर

तोच फोटो. खाली निळ्या अक्षरांत: क्लेटन डोब्रोस्की, आपल्या मुलांसाठी नगरपरिषदेवर.

"यात तू कुठे आहेस?" विनीनं विचारलं.

"मी कशाला? तू आहेस ना. तुझाच तर चेहरा हवा."

निवडणूक नोव्हेंबरात होती. पत्रकांचे गठ्ठे बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर होते, म्हणून विनी पुढे बसायची. पुढे बसायला मिळतं म्हणून ती खूश होती.

दिवा अजून हिरवा होता. तिच्याआधी बोलून गेलेले लोक आता तिच्याकडे बघत होते. शेंदरी टोपीचा म्हातारा म्हणाला होता, "आज पोरांकडे परवाना मागताय, उद्या चिमण्यांना दाणे टिपायला अर्ज भरायला लावाल!" त्याला टाळ्या पडल्या होत्या. बागेतल्या बाजारात तमाले, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे उंडे, विकणाऱ्या मिसेस बाराहोना त्याच्यानंतर उठल्या होत्या.

"मी दर वर्षी परवान्याचे पैसे भरते," त्या म्हणाल्या. "हात धुवायची टाकी, थर्मामीटर, सगळं. माझ्या मुलीनं त्याच बागेत पाण्याच्या बाटल्या विकल्या. दंड झाला. मी भरला. तिचा फोटो कोणी काढला नाही." मग थोडं थांबून, "मुलांना सूट द्या, माझी ना नाही. पण सगळ्यांच्या मुलांना द्या." त्यांना टाळ्या पडल्या नाहीत.

"बोल, बेटा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घाबरू नकोस."

विनी घाबरली नव्हती. ती पाण्याच्या नळापाशी झालेलं बोलणं आठवत होती.

सभा सुरू व्हायच्या आधी ती पाणी प्यायला गेली, तर नळापाशी मिस्टर हॅसलर. त्यांनी तिच्यासाठी नळाचा खटका दाबून धरला.

"तुम्ही रागावलात माझ्यावर?"

"छे गं. तुझ्यावर कशाला?" ते म्हणाले. "शनिवारी माझी सुट्टी असते. बायकोला घेऊन तळ्यावर निघालो होतो. पण तक्रार आली की जावं लागतं. आणि तक्रार करणाऱ्यानं वेळसुद्धा दिली होती. म्हणे, साडेदहालाच या." ते थांबले. जास्त बोललो असं वाटून त्यांनी खटका सोडला.

"कोणी केली तक्रार?"

"ते सांगायचं नसतं, बाळा."

"विनी!" बाबा कॉरिडॉरच्या टोकाला उभे होते. "चल, नंबर लागेल आपला."

त्यांनी मिस्टर हॅसलरकडे बघितलं नाही. मिस्टर हॅसलरनी मात्र त्यांच्याकडे बघितलं, आणि मग विनीकडे, आणि टोपी घातली.

शनिवार, झाला तसा

कल्पना बाबांची होती. शुक्रवारी संध्याकाळी ते लिंबांची पिशवी घेऊन आले आणि आईला म्हणाले, आज विनीला माझ्याकडे नेतो. दोघांनी मिळून लिंबं पिळली. बाबांच्या बोटाला चीर होती, लिंबू झोंबून ते नाचले, विनी हसून हसून खाली बसली. टेबलाला दोघांनी पिवळा रंग दिला. वाळेपर्यंत बाबांनी एकदाही फोन बघितला नाही.

"मी आईच्या अंगणात लावते टेबल," विनी म्हणाली. "झाडाची सावली आहे."

"अंगणात कोण येतंय? बागेचा कोपरा बघ. शनिवारचा बाजार तिथेच."

"पण तिथे ऊन असतं."

"पिल्लू, ऐक माझं."

ऊन होतं. चड्डी नको, पिवळा फ्रॉक घाल, असं बाबांनी सांगितलं होतं, त्यामुळे पाठ भाजत होती. पण गिऱ्हाइकं आली. मिसेस बाराहोनांनी आपल्या गाडीवरून बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत. दहाच्या सुमाराला माठ रिकामा झाला.

"संपलं! सगळं संपलं, बाबा! आवरूया?"

"थांब जरा." बाबांनी घड्याळ बघितलं. उरलेल्या बर्फात पाणी ओतलं, साखर ढवळली. "अजून थोडा वेळ."

"पण हे पाणचट झालंय."

"चालतं."

वर्तमानपत्राची फोटोवाली ताई तोपर्यंत आली होती. तिनं तो पाणचट पेला घेतला आणि टेबलाला टेकून उभी राहिली. आईस्क्रीमचं दुकान सोडून ही इथे कशाला उभी, असं विनीला वाटलं, पण बरंही वाटलं.

"तुझे बाबा म्हणाले, साडेदहाला येईल," ताई म्हणाली.

"कोण?"

ताईनं बाबांकडे बघितलं. "गर्दी," ती म्हणाली. "गर्दी येईल म्हणाले."

गर्दी आली नाही. मिस्टर हॅसलर आले. मासे पकडायला जाताना घालतात तसल्या शर्टात होते. त्यांनी पेला मागितला, पन्नास सेंट दिले, सगळं पाणचट सरबत प्यायले आणि मग गुडघ्यावर वाकले.

"हा कोपरा सार्वजनिक आहे ना, इथे विकायला परवाना लागतो. अंगणात लावलं असतंस तर काहीच लागलं नसतं. चल, मी टेबल धरतो, तू पेले घे. कुठे न्यायचं?"

ते खेकसले नाहीत. त्यांनी टेबलाचे पाय एकेक करून दुमडले, रंग खरवडला जाऊ नये म्हणून.

विनीला रडू येत नव्हतं. तिला नुसतं काय करायचं ते कळेना. तिनं बाजूला हात नेला. सकाळपासून बाबा तिथेच उभे होते, खांद्याला खांदा लावून नाही, पण हात पोचेल इतके जवळ. हात हवेतच राहिला. तिनं वळून बघितलं.

बाबा ताईच्या मागे उभे होते. कॅमेऱ्याच्या मागे. ते हातानं खूण करत होते, इकडे नको बघू, समोर बघ.

तेव्हा ती रडली. तेव्हाच कॅमेऱ्याचा खटका पडला.

दिवा पिवळा झाला.

सभागृहात कोणीतरी घसा खाकरला. बाबांनी मोठ्यानं श्वास घेतला आणि ओठांनी सांगितलं: मी खूप रडले.

"मी खूप रडले," विनी म्हणाली.

सभागृह हळहळलं. बाबा मागे टेकले.

"पण मिस्टर हॅसलरमुळे नाही. त्यांनी टेबल नीट दुमडलं. रंग सांभाळून. मी बाबांना शोधत होते. ते बाजूला होते, मग नव्हते. फोटो काढणाऱ्या ताईच्या मागे होते."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. शेवटच्या रांगेत टोपी मांडीवरून जमिनीवर पडली आणि मिस्टर हॅसलर ती उचलायला वाकले, ते बराच वेळ वर आले नाहीत.

"मग तुझं काय म्हणणं आहे, बाळा?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मुलांना परवाना लागावा की नको?"

विनीनं विचार केला. याचं उत्तर पाठ होतं, पण ते आता तिला सापडेना.

"मी अंगणात लावणार होते," ती म्हणाली.

दिवा तांबडा झाला. ती क्रेटवरून उतरली. क्रेट बाजूला ठेवायला कारकून पुढे आला, तेवढ्यात तिनंच तो उचलला आणि भिंतीशी नेऊन ठेवला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांना सरबतासाठी परवाना नको. शेंदरी टोपीवाला म्हातारा उठून उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी बाबांशी हात मिळवला. काही नुसतेच त्यांच्या बाजूनं निघून गेले. मिसेस बाराहोना दारात थांबल्या, विनीच्या केसांवरून हात फिरवला आणि गेल्या.

गाडीत पत्रकांचे गठ्ठे मागे होते. विनीनं मागचं दार उघडलं, गठ्ठे एका बाजूला सारले आणि मागे बसली.

बाबांनी किल्ली फिरवली. आरशात बघितलं, मग रस्त्याकडे.

"काय गं हे, विनी," ते म्हणाले. "एवढ्या लोकांत." सिग्नलला थांबल्यावर त्यांचा आवाज हलका झाला, टेबल रंगवताना होता तसा. "जाऊ दे. झालं ते झालं. पुढच्या शनिवारी लावूया परत? आता तर कोणी अडवणार नाही. पाहिजे तर अंगणात लाव. झाडाखाली."

विनी खिडकीबाहेर बघत होती. बागेचा कोपरा मागे गेला.

"बाबा," ती म्हणाली, "साडेदहाला कोण कोण येणार आहे?"