काकूकडची झोप

भिंगरीच्या शिंका मोजू नका, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय. मोजल्याने त्या कमी होत नाहीत, तुमचं ब्लडप्रेशर तेवढं वाढतं, म्हणाले. तरी तिचे डोळे उघडायच्या आत माझे कान उघडलेले असतात. आधी थोडी कुरकुर, मग तळहाताने नाक खालून वर चोळणं, मग शिंकांची माळ. त्या चोळण्याने तिच्या नाकावर एक आडवी रेघ पडली आहे. एवढ्याशा पोरीच्या नाकावर सुरकुती. तिचा बाबा म्हणतो, उठल्या उठल्या सलाम ठोकतेय बघ आपल्याला. मला हसू येत नाही.

एका जागी ठरत नाही म्हणून ती भिंगरी. पण थंडी सुरू झाली, शहराची हवा खाली बसली आणि समोरच्या इमारती राखाडी दिसायला लागल्या, की हीच पोर सोफ्याच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसते. डोळ्यांखाली काळं, बोलणं नाकातून.

ही अ‍ॅलर्जी मुळापासून जाणारी नाही, पण ताब्यात ठेवता येते, असं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ती ताब्यात घेतली. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. डिग्री कपाटात असली तरी डोकं अजून जागेवर आहे. मऊ खेळणी माळ्यावर गेली, पडदे उतरले, गालिचा नणंदेच्या गळ्यात मारला. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मग स्प्रे, तोही नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला रोखून. अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे मरावेत म्हणून चादरी-अभ्रे गरम पाण्यात, आणि मग गॅलरीत कडकडीत उन्हात. इमारतीतली सगळ्यात चांगली गॅलरी आमची. खाली चौक, वर मोकळं आकाश, संध्याकाळपर्यंत ऊन. दोरीवर फडफडणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र चादरी बघितल्या की वाटायचं, आईने याहून आणखी काय करायचं?

माझ्या थोरल्या जाऊबाई याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला राहतात. दोन्ही फ्लॅट एकाच वेळी घेतले, तेव्हा मोठे दीर म्हणाले, पुढचा धाकट्याला राहू दे. तेव्हापासून जाऊबाई आमच्याकडे आल्या की आधी गॅलरीत जातात आणि बाहेर बघत उभ्या राहतात. त्यांच्या घराला गॅलरीच नाही. खिडकी उघडली की मागच्या इमारतीची भिंत. त्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असतात. मुलगा हॉस्टेलला गेल्यापासून त्याच्या खोलीत कपडे वाळतात आणि पंखा फिरत असतो.

गेल्या महिन्यात मला तापाने लोळवलं, तेव्हा भिंगरी दोन-तीन रात्री त्यांच्याकडे झोपली. परत आली ती बडबडत. तोंड मिटलेलं, नाक कोरडं. मी तिला छातीशी धरून तिचा श्वास ऐकला. शिट्टी नाही, घुरघुर नाही. आईला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखायला लागलं.

आमच्याकडे दोन दिवसांत पुन्हा माळ सुरू झाली. पुन्हा काकूकडे गेली, पुन्हा बरी होऊन आली. मग मी काहीतरी निमित्त काढून जाऊबाईंच्या घरी गेले आणि नजरेने सगळं घर झाडून काढलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीची किनार. पलंगावर एक जुनी दुलई, जिला शेवटचं पाणी कधी लागलं असेल देव जाणे. भिंगरीच्या स्प्रेचं झाकण गायब. मी काय करता म्हणून विचारलं, तर जाऊबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “अगं, मी कुठे काय करते? पांघरूण घालते आणि झोपवते.”

मी काहीच करत नाही, हे त्यांनी सहज म्हटलं. पण मला त्या मिरच्या चांगल्याच झोंबल्या. मी बोलता बोलता सांगून टाकलं की अशा जुन्या दुलईत लाखांनी किडे असतात. त्यांनी दुलईकडे बघितलं आणि तिचं टोक हळूच गादीखाली दुमडलं. तेवढ्यावर मला बरं वाटलं.

घरी नवऱ्याने विषय काढलाच. हवा सुधारेपर्यंत रात्रीची झोपू दे ना वहिनीकडे, तिला तिथे बरं वाटतं, वहिनीची खोलीही रिकामीच आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला पोर बरी व्हायला हवी होती, पण माझ्या घरात, माझ्या हाताने. एकदा तिला कळलं की काकूकडे श्वास सरळ येतो, की मग ती माझ्याकडे कशाला येईल? शेवटी मी कबूल झाले, एका अटीवर: अंथरूण माझं असेल. चादर, अभ्रा, पांघरूण, सगळं गरम पाण्यात धुतलेलं, उन्हात वाळलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंचा फोन आला. हिच्या शिंका थांबतच नाहीत, जरा येतेस का, त्यांचा आवाज घाबरलेला होता.

मी जिना उतरत होते आणि मी चक्क खूश होते. तुमच्याकडेही होतं तर, असं मनात घोकत मी पायऱ्या उतरत होते. वळणावर ते माझं मलाच ऐकू आलं आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली पोरगी शिंकून बेजार झालीय आणि आई जिंकल्यासारखी चाललीय.

दारात जाऊबाई उभ्या होत्या, चेहरा पडलेला. “तू म्हणालीस ते खरं,” त्या म्हणाल्या. “ही दुलईच. तिनेच माझ्या पोरीला त्रास दिला.”

दुलई कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली होती. भिंगरी माझ्या चादरीवर, माझ्या अभ्र्यात नाक खुपसून शिंकत होती. जुन्या दुलईत ती आधी दोन्ही वेळा मजेत झोपली होती. त्या घरात नवीन होतं ते फक्त मी पाठवलेलं अंथरूण.

वर आले आणि दोरीवरच्या चादरीवर ओला पांढरा रुमाल फिरवला. रुमाल करडा झाला. कठड्यावर फिरवला, तर काळा. खाली सिग्नलला बसगाड्या धूर सोडत उभ्या होत्या. मी रोज चादर धुऊन, दिवसभर तो धूर तिच्यात मुरवून, पोरीच्या नाकाखाली घालत होते. जितकं जास्त धुवावं, तितकं जास्त वाळत घालावं, आणि तितका जास्त धूर. कोणालाही सांगितलं नाही. घरातली दोरी काय, उद्याही बांधता येईल, असं स्वतःला म्हणत राहिले.

रविवारी बेल वाजली. जाऊबाई दारात, हातात दुलई, पायाशी बादलीत दोन चादरी, उशा. सगळं ओलंचिंब. रात्री बादलीत भिजत घातलं होतं म्हणाल्या. “माझ्याकडे ऊन कुठलं? तुझ्या गॅलरीत आणलंय. आता दर आठवड्याला आणेन, चालेल ना?”

मी त्यांच्या हातातून दुलई घेतली. कसलीही जबरदस्ती नव्हती. नुसतं चालेल म्हणायचं होतं. चार आठवड्यांत त्यांचं घर माझ्या घरासारखं झालं असतं आणि भिंगरीला कुठे बरं वाटतं हा प्रश्नच मिटला असता. मी दुलई खरंच दोरीवर टाकली, चिमटाही लावला. खाली बस सुरू झाली आणि निळसर धूर सरळ वर आला. भिंगरी काकूच्या पदराला धरून नाक चोळत उभी होती.

मी चिमटा काढला.

“वहिनी, इथे नको. दुलईचं काही नव्हतं, माझ्या चादरीच वाईट आहेत,” मी म्हणाले आणि रुमालाचं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही. शेवटी जे म्हणणं मला सगळ्यात जड गेलं, तेही म्हणाले. “तुमच्या खोलीत माझे कपडे वाळवू का?”

जाऊबाई कठड्यापाशी गेल्या, बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग बराच वेळ हसल्या.

“आणि ही गॅलरी मला मिळाली नाही म्हणून मी तुझ्यावर जळत होते. घाल खड्ड्यात. चल, उचल बादली.”

आता माझ्या चादरी त्यांच्याकडे पंख्याखाली वाळतात. भिंगरी घरी झोपते, सकाळी एखादी शिंक येते, स्प्रे चालूच आहे. नाकावरची रेघ पुसट झालीय. पण संध्याकाळी ती आपण होऊन खाली काकूकडे पळते. मी वाळलेले कपडे आणायला गेले, की पलंगावर लोळत, नाकातून स्वच्छ श्वास घेत विचारते, “आई, तू कशाला आलीस?”

चादरी न्यायला, मी सांगते, आणि जाऊबाई मान खाली घालून घड्या घालत राहतात.