शहाणी

इस्त्रीच्या दुकानात मोठं प्रेस धाडकन आदळलं की नवं गिऱ्हाईक दचकायचं. मागे चादरींच्या गठ्ठ्यावर झोपलेली तान्ही पोर मात्र पापणीसुद्धा हलवायची नाही.

"किती शहाणी आहे हो नात!"

"आमच्याकडची पोरं अशीच," सासू फुलून सांगायची. पोरीचं नावच 'शहाणी' पडलं.

सुनेला ते नाव टोचायचं. पोर पोटात असताना तिला थोडे दिवस कणकण होती. तेव्हा झालेली विषाणूची लागण बाळापर्यंत पोचली, असं जन्मानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेंदूची वाढ नीट होते का, कान चालतात का, हे अधूनमधून तपासत राहायचं होतं. लहान मुलांच्या लाळेतून येतो हा विषाणू. नणंदेचा शेंबडा लेक मामीच्याच ताटात जेवायचा, मामीच्याच गालाला तोंड पुसायचा. पण घराने निकाल लावून टाकला होता: खोट सुनेच्या माहेरची!

"तपासणीत पोर नापास झाली, तर दोघींनी माहेरची वाट धरायची," सासूने बजावलं. "माझ्या लेकाला दुसरी मिळेल."

लेक कॉलरवर पाणी शिंपडत होता. कॉलरची सुरकुती त्याला दिसली, बायकोचा चेहरा दिसला नाही.

तपासणी म्हणजे परीक्षा नव्हे, हे या घरात सांगणार कोण? सुनेने परीक्षेची तयारी करून घेतली. पोरीला मांडीवर घ्यायचं, तिच्या डाव्या मांडीला हळूच टिचकी मारायची. तिने डावीकडे पाहिलं की पापा. उजवीकडेही तसंच. पोर भराभर शिकली.

दवाखान्यात तपासणीच्या बाईंनी पोरीच्या मागे उभं राहून घंटी वाजवली. समोरच्या कपाटाच्या काचेत सुनेला बाईंचा हात दिसत होता. टिचकी. पोर वळली.

"छान," बाई म्हणाल्या.

"पहिल्या नंबराने पास!" सासूने दुकानभर करून टाकलं.

पुढे पोर चालायला लागली, पण तोंडातून शब्द फुटेना. मोठ्या तपासणीचं बोलावणं आलं. तीच खुर्ची, तीच काच. बाईंचा हात वर गेला. टिचकी. पोर वळली.

बाईंचा हात तसाच वर राहिला. "अहो, मी वाजवलीच नाही. आतला लोलक बोटांत धरलाय मी."

सुनेचा चेहरा पडला. "बाई, हात जोडते. हिला पास करा. नाहीतर हाकलतील आम्हाला."

बाई आधी संतापल्या, मग त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "टिचकीचा अर्थ कळतो हिला. डोकं किती तल्लख आहे हिचं! ऐकू येत नाही हो फक्त. पहिल्याच वेळी कळलं असतं तर तेव्हाच यंत्र लावलं असतं. बोलणं शिकायचा हिचा काळ आपण दोघींनी घालवला."

"आता काहीच नाही होणार?"

"होईल. आजपासून सुरू करू. पण गेलेला काळ मला परत आणता येणार नाही."

बाहेर बसलेल्या सासूला आणि नवऱ्याला आत बोलावून बाईंनी सगळं समजावलं. लागण कशी होते, यात आईचा दोष कसा नाही, तेही.

"कानाला यंत्र?" सासूने एवढंच धरलं. "आणि ते चारचौघांत मिरवणार? चल रे."

"तू बस इथंच," नवरा बायकोला म्हणाला. "बघू नंतर." आणि आईमागून गेला.

ज्यांचे कान धडधाकट, ती दोघं एक अक्षर न ऐकता गेली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातही एखादं असंच 'शहाणं' बाळ असेल. त्याच्या मागे उभं राहून एकदा हाक मारून बघा. आणि ते वळलं नाही, तर त्याच्या आईकडे बोट दाखवू नका. भीतीने त्या माउलीने स्वतःच्याच लेकीचे कान बुजवले. भीती घालणारे मात्र आज दुकानात ताठ मानेने उभे आहेत.

तपासणीच्या खोलीत बाकावर बसलेल्या आईच्या मांडीवर पोरीने चिमुकल्या बोटाने टिचकी मारली. डाव्या बाजूला. तिला येत होती तेवढी एकच भाषा.

आईने डावीकडे पाहिलं. तिकडे दार होतं. दारात कोणी नव्हतं.