साधनाच्या हातचा हार

हिवरखेडची फुलं सकाळच्या पहिल्या एसटीनं अकोल्याला यायची आणि साडेआठपर्यंत जुन्या शहरातल्या भगवंतच्या दुकानामागच्या खोलीत पोचायची. त्या दिवशीही पोचली. झेंडूचं पोतं, निशिगंधाची टोपली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला मरवा. साधनानं फडकं सोडलं, सुईत दोरा ओवला आणि दार ओढून घेतलं. दार ओढायचं हा त्या घरातला नियम होता. गिऱ्हाइकाच्या नजरेस ती पडायला नको.

साधना भगवंतच्या धाकट्या भावाची, सागरची बायको. चार वर्षांपूर्वी सागर डेंग्यूनं सहा दिवसांत गेला. पदरी मूल नव्हतं. सागर होता तेव्हा ती दुकानात त्याच्या शेजारी बसून हार गुंफायची. अकरा निशिगंध झाले की मरव्याची एक काडी आडवी घालून उलटी गाठ मारायची, ही तिची स्वतःची रीत. हार दिवसभर गळ्यात राहिला तरी एक फूल ढळत नसे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती सवयीनं दुकानात जाऊन बसली, तर सासू पार्बताबाईनं तिला हाताला धरून उठवलं.

"लग्नाचे हार हायेत ते. तू हात नोको लावू."

पार्बताबाई स्वतः वीस वर्षं विधवा. तिलाही कधीतरी असंच कुणीतरी उठवलं असणार. पण ज्या काठीनं आपण मार खाल्ला, तीच काठी सांभाळून ठेवावी आणि पुढचीच्या पाठीवर उगारावी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

लग्नसराई आली आणि घोटाळा झाला. थोरली जाऊ कौशल्या हार करी, पण तिचे हार दुपारपर्यंत मान टाकत. गिऱ्हाइकं 'तो आधीचा हार' मागू लागली. मग घरानं मधला मार्ग काढला. साधनानं मागे बसून गुंफायचं, दार लावून. पुढे कौशल्यानं सांगायचं, माझ्या हातचा आहे. शास्त्रही सांभाळलं गेलं आणि दुकानही.

अशी चार वर्षं गेली. पुढच्या खोलीत हसणं, थट्टा, लगीनघाई. मागच्या खोलीत सुई, दोरा आणि साधना. शेकडो नवरानवरींच्या गळ्यात तिचे हार पडले. त्यांतलं एकही लग्न तिनं पाहिलं नाही. जेवणाचं ताट तिला तिथेच मिळे. कधी कधी दिवसभरात तिच्याशी कुणी बोलतच नसे, आणि संध्याकाळी ती स्वतःच्याच आवाजाला दचकत असे.

मग त्या दिवशी अमरावतीहून वकील कमलाकांत यांच्या घरची मागणी आली. त्यांच्या लेकीनं, नवरी इशितानं मैत्रिणीच्या लग्नात तो हार पाहिला होता. तिची एकच अट होती. हार करणाऱ्या बाईंनी स्वतः मंगल कार्यालयात यावं. हार, मुंडावळ्या, वेणी, सगळं तिथंच ताजं करावं.

भगवंत हो म्हणून बसला आणि घरी येऊन डोकं धरून बसला. कौशल्याच्या हातून ते होणार नव्हतं. शेवटी पार्बताबाईनं कौशल्याचं जुनं मंगळसूत्र साधनापुढे ठेवलं.

"एक दिवसाचा तं सवाल हाय. घालून घे. देव काई एवढं पायत नाई."

"देव पायत नाई, तं मंग चार वर्सं मी दाराआड कोनाच्या भेवानं बसून राहिली, आई?"

"तोंड नोको चालवू. त्या दुकानावर तूबी जेवतं."

साधनानं मंगळसूत्र घातलं, कुंकू लावलं. आरशात पाहिलं तेव्हा आपलं कुणा नसलेल्या माणसाशी लग्न लावून दिलंय असं तिला वाटलं.

अमरावतीच्या कार्यालयात बाजूच्या खोलीत बसून तिनं तीन तासांत काम उतरवलं. कौशल्या पाळतीवर शेजारीच होती. हार पूर्ण झाला तसं वधूची आई अनुपमा आत आल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या, मृदू बोलणाऱ्या बाई. हार पाहून त्यांचे डोळे भरून आले. मागे वळून त्यांनी हळदीकुंकवाचं तबक मागवलं.

"किती देखणं काम केलंत हो! या, आधी तुमची ओटी भरते. इशितानं तुमच्याच पाया पडायला हवं."

करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडालं. साधनानं ते आपल्या कपाळाकडे येताना पाहिलं. अजून एक क्षण गप्प राहिलं असतं तर सगळंच निभावलं असतं. पण ती बाई मनापासून मान देत होती, आणि तो मान खोट्या कपाळावर घ्यायला साधनाचं मन धजेना.

"ताई, कुंकू लावू नका. माहे मालक वारले, चार वर्सं झाले." तिनं मंगळसूत्र काढून कौशल्याच्या हातात दिलं. "हे माहं नाई. हार मात्र माहा हाय. तुमाले याच्या आधी जे हार आवडले, थेबी माहेच होते."

कौशल्यानं कपाळावर हात मारला. अनुपमाबाईंचं बोट हवेतच थांबलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्यावर राग नाही हो माझा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आम्ही घरात असं काही मानत नाही. पण आज मुलाकडची मंडळी आहेत... समजून घ्या."

अर्ध्या तासात बाजारातून दुसरे हार आले. इशिताला काहीच कळलं नाही. साधनानं आपले हार ओल्या फडक्यात बांधले आणि ती एकटीच ऑटोनं बडनेरा स्टेशनवर आली. अकोल्याच्या दोन गाड्या समोरून गेल्या. ती बाकावरून उठली नाही. शेवटी बाहेर आली तर स्टेशनच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या मैनाबाईनं तिला हटकलं.

"एवढे हार घेऊन काहून फिरून राहिली व? कोनाचं लगन मोडलं?"

"लगन झालं, मावशी. माहे हारच तेवढे वापस आले."

साधनानं सगळं सांगितलं. चार वर्षांत एवढं ती कुणाशीच बोलली नव्हती. मैनाबाईनं ऐकून घेतलं, वांग्यांचं टोपलं थोडं सरकवलं आणि म्हणाली, "इथं जागा हाय. बस पायजे तं."

अकोल्याला ती परत गेली ती फक्त कपडे आणायला. भगवंत अद्वातद्वा बोलला. पार्बताबाई भिंतीकडे तोंड करून बसली. बातमी ऐकून हिवरखेडहून तिचे वडील किसनराव आले. दुकानाची फुलं त्यांच्याच मळ्यातली.

"घरी चाल, बेटा. तुहा बाप अजून हाय."

"तिथंबी दार ओढूनच बसा लागन, बाबा. मले फक्त फुलं पाठवा."

किसनराव एकटेच परत गेले. दुसऱ्या आठवड्यापासून निशिगंधाची एक टोपली बडनेऱ्याला उतरू लागली.

एकटी बाई, भाड्याची एक खोली, रस्त्यावरचं एक पोतं. साधनानं एक गोष्ट ठरवली होती. लग्नाचा हार मागणाऱ्याला आधी सांगायचं, मी विधवा आहे. लोक ऐकत, चप्पल घासत उभे राहत आणि 'येतो बरं' म्हणून निघून जात. देवळाचे हार, मयताचे हार, साहेबांच्या बदलीचे हार ती करी. लग्नाचा एकही नाही. खोलीवर गेलं की भिंती. सणावाराला आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे जात, हिच्या दारावरून पुढे जात. हळूहळू तिच्या मनातही ते विष भिनलं. सागर सहा दिवसांत गेला, तो आपल्याच पायगुणानं तर नाही? लोक म्हणतात ते खरंच असेल तर? एकदा तर हातातला गजरा तिनं मध्येच खाली ठेवला आणि स्वतःच्या बोटांकडे परक्यासारखी पाहत राहिली.

त्याच दिवसांत रेशनकार्डासाठी फोटो काढायला ती एका फोटो स्टुडिओत गेली. काचेमागे एका जोडप्याचा लग्नातला मोठा फोटो लावलेला होता. नवऱ्याच्या गळ्यात निशिगंधाचा हार. अकरा फुलं, मरव्याची आडवी काडी, उलटी गाठ.

"हे कोन हायेत, भाऊ?"

"ते? मूर्तिजापूरचे. दोघं मास्तर हायेत. परवाच आले होते, लेकीचा पयला वाढदिवस होता. लय हसरं लेकरू."

साधना काचेला हात लावून उभी राहिली. आपला हार माणसाच्या गळ्यात तिनं चार-पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिला होता. ते दोघं नांदत होते. त्यांचं लेकरू हसत होतं. असे शेकडो असतील, वऱ्हाडभर, ज्यांचे संसार तिच्या गाठींनी सुरू झाले आणि सुखात चालले. हात अशुभ असते तर? फोटोग्राफरनं दोनदा हाक मारली तेव्हा ती भानावर आली. फोटोत डोळे ओले आले, पण मान ताठ आली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी रंगवून घेतली: 'साधनाच्या हातचे हार'. येणाऱ्याला ती आताही खरं सांगायची, पण पूर्वी खाली पाहून सांगायची, आता डोळ्यांत पाहून. सहा महिन्यांनी एका रेल्वे कर्मचाऱ्यानं ऐकून नुसतं विचारलं, "हार टिकतो का?" तो पहिला. मग त्याच्या ओळखीचे आले. मग कॉलेजचे कार्यक्रम, अमरावतीच्या सभा. दोन वर्षांत मैनाबाईच्या शेजारी तिचं पत्र्याचं दुकान उभं राहिलं, आणि त्याला मागची खोली नव्हती.

आणि एके सकाळी त्या दुकानापुढे पार्बताबाई येऊन उभी राहिली. वाळली होती. भगवंतच्या लेकीचं, निधीचं लग्न ठरलं होतं आणि पोरगी हटून बसली होती, हार काकूच्याच हातचा पाहिजे.

साधनानं पाणी दिलं. म्हातारीनं घोटभर पिऊन आवाज खाली आणला.

"करून ठेवजो. भगवंत येऊन घेऊन जाईन. कोनाले सांगाची गरज नाई."

"हार करीन, आई. निधी माहीबी लेक हाय. पन मी घेऊन येईन. पुढच्या दारानं. अन् पयल्या रांगेत बसून अक्षता टाकीन. माह्या बाजूले तुमी बसान."

"मी?" पार्बताबाई दचकली. "मले काहून ओढतं यात? माहं आयुष्य गेलं आता."

"म्हनूनच."

पार्बताबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती स्टेशनकडे चालू लागली. साधनाला वाटलं, संपलं. पण आठ दिवसांनी निधीचा फोन आला. "काकू, पुढच्याच दारानं ये. बाबाले मी सांगतलं, काकू नाई आली तं मी मांडवात उभी नाई राहत."

लग्नाच्या सकाळी साधना अकोल्याला गेली. साधी हिरवी साडी, कपाळ मोकळं, हातात हार. पुढच्या दारानं आत शिरली तेव्हा बायकांचं बोलणं थांबलं. भगवंतनं मान खाली घातली, पण अडवलं नाही. निधीनं काकूच्या हातून हार घेतला, वाकून तिच्या पाया पडली आणि बोहल्यावर जाऊन तो हार नवऱ्याच्या गळ्यात घातला. साधनानं आयुष्यात पहिल्यांदा आपला हार गळ्यात पडताना पाहिला. सनई वाजली, अक्षता उडाल्या. तिनंही टाकल्या.

पण पहिल्या रांगेत तिच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. पार्बताबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली, चौकटीला धरून नातीकडे पाहत राहिली, पण उंबरा तिला ओलांडवला नाही. इतक्या वर्षांची सवय पायांत असते. बाकीच्या बायकांच्या पायांत तर कसलीच बेडी नव्हती. तरी त्याही ती खुर्ची सोडूनच बसल्या.

वाचकहो, साधना जिंकली की हरली, हे मला विचारू नका. तिचं दुकान उत्तम चाललं आहे, आणि आपल्या हातांवर तिचा विश्वास आहे. तिला जे करायचं होतं ते तिनं एकटीनं केलं. खुर्ची भरणं तिच्या हातात नाही. पुढच्या लग्नसराईत तुम्हीही कुठल्या तरी मांडवात जाल. पहिल्या रांगेत मोकळ्या कपाळाची एखादी बाई बसलेली दिसेल, आणि तिच्या शेजारी जागा असेल. तेव्हा तुम्ही कुठे बसता, तेवढंच पाहायचं राहिलं आहे.