शेवटच्या दृश्यातला चेहरा

सहा वर्षांत त्याने पाच सिनेमे केले आणि पाचांतल्या एकाही सिनेमात त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. तसा तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पण सुट्टीच्या दिवशी रबराचा मुखवटा चढवून लोकांना घाबरवायचा, म्हणून सगळे त्याला भूत म्हणत. कामावरसुद्धा हजेरी घेताना 'भूत आलं का?' असंच विचारायचे.

सिनेमे मास्तरचे. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. जन्मात कुठे शिकवलं नाही, पण भेटेल त्याला अक्कल शिकवायची खोड, म्हणून मास्तर. लिहायचा तोच, कॅमेरा धरायचा तोच आणि माणूस कमी पडला तर पडद्यावर मरायचाही तोच. एका बंद छापखान्याच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवून ही मंडळी भरदुपारी रात्र करायची. साखरेच्या पाकात लाल रंग कालवला की रक्त तयार. त्यावर माश्या बसल्या तर मास्तर माश्यांचंही दृश्य घ्यायचा, कारण माश्या फुकट काम करत.

भुताची खरी करामत होती चालण्यात. तो दारापासून मागे मागे पावलं टाकत जायचा आणि मास्तर नंतर ते चित्रण उलटं फिरवायचा. पडद्यावर भूत पुढेच येताना दिसे, पण असं की बघणाऱ्याने खुर्ची घट्ट धरावी. जिना उलटा चढण्याच्या नादात त्याचा घोटा दोनदा मुरगळला होता. आई म्हणायची, "लष्करच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस तुला." तिने एकही सिनेमा पाहिला नव्हता. "तू दिसत नाहीस, मग काय रबर बघायला येऊ?"

मुखवटे त्याची बायको करायची, घरच्याच ओट्यावर. ती डावखुरी. मुखवटा मानेवर जिथे संपतो तिथली कड लपवायला ती बारीक ब्रशने निळसर शिरा काढायची आणि तिच्या हाताच्या सवयीने त्या उजव्या कानाखालून निघून मागे मानेकडे वळायच्या. मास्तर कुरकुरायचा, "वहिनी, अशा शिरा कुणाला असतात?" ती म्हणायची, "भुताला." सहा वर्षं आरशासमोर बसून भुताला त्या शिरा स्वतःच्या सहीइतक्या पाठ झाल्या होत्या.

सहाव्या सिनेमाच्या वेळी त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"एकदा माझं तोंड दाखव."

मास्तरने मनावर घेतलं. शेवटच्या दृश्यात भूत स्वतःची कातडी सोलून काढतं आणि खाली नायिकेचा मेलेला बाप निघतो. तो म्हणतो, "घाबरू नकोस. मी फक्त तुला बघायला आलो होतो." एवढं एकच वाक्य. त्या एका वाक्यासाठी हा पठ्ठ्या दोन महिने लिफ्टच्या पेटीत उभा राहून तालीम करत होता. चित्रणाच्या दिवशी बायकोने पदराने डोळे पुसले, मास्तरने मिठी मारली आणि भुताने आईला सांगून टाकलं, "या वेळी ये. मी दिसणार आहे."

पहिला खेळ रविवारी सकाळी अकराला, कारण हॉल त्याच वेळेला मिळाला. नवा शर्ट घालून तो मध्ये बसला, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. त्याची उलटी चाल पडद्यावर आली तेव्हा मागे कुणीतरी किंचाळलं. त्याला बरं वाटलं. मग ते दृश्य आलं. दोन हात वर आले, त्याचेच हात, नखांतल्या काळ्या तेलासकट. बोटं हनुवटीखाली रुतली, कातडी सुटली.

आणि खालून भलताच माणूस निघाला.

गोरापान, पाणीदार डोळ्यांचा, रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याने भुताचं वाक्य आपल्या आवाजात म्हटलं आणि हॉल टाळ्यांनी भरून गेला.

"हा मालिकेतला ना रे?" आई त्याच्याकडे वाकून म्हणाली. "छान केलं हो पोरानं. तू कधी येतोस?"

भूत पडद्याकडे बघत राहिला, आणि तेव्हा त्याला त्या नटाची मान दिसली. उजव्या कानाखालून निघालेल्या निळसर शिरा मागे मानेकडे वळल्या होत्या. त्याने बायकोकडे पाहिलं. ती मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून खाली बघत होती.

मास्तर बाहेर व्हरांड्यात लोकांच्या घोळक्यात सापडला.

"हात तुझेच ठेवलेत," तो घाईघाईने म्हणाला. "चालही तुझीच आहे."

"आणि तोंड?"

"मला विचारू नकोस. वहिनींना विचार."

मास्तरने तोंडाला पानं पुसली असती तर भुताने चार शिव्या घातल्या असत्या आणि महिन्याभरात विसरला असता. सिनेमापुढे मास्तरला कुणीच दिसत नाही, हे त्याला माहीत होतं. पण ही? केसाने गळा कापायचा आणि रात्री शेजारी झोपायचं? त्याला तिचा राग आला, आणि रागाहून जास्त त्याला एकटं वाटलं.

बायको जिन्यापाशी उभी होती. त्याने विचारायची वाट तिने पाहिली नाही.

"एका गुरुवारी, आपल्याच घरी त्याला रंगवलं. तू कामावर होतास," ती म्हणाली. "त्याआधी मास्तरांनी दहा-बारा जणांना सिनेमा दाखवला होता. मीही गेले होते. तू मुखवटा काढलास आणि लोक हसले रे. पोट धरधरून हसले. मास्तर म्हणाले, चालतंय, राहू दे. मीच म्हटलं, नको, बदला. तुला इथे सगळ्यांसमोर, आईंसमोर हसले असते. मला ते बघवलं नसतं."

"मला सांगायचंस."

"सांगून तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं," तो म्हणाला. "हसले असते तर हसले असते. माझ्याकडे बघून हसले असते ना."

तिने त्याच्या दंडाला हात लावला. त्याने दंड काढून घेतला.

एवढ्यात आई बाहेर आली. खेळाला आलेल्या त्या नटाभोवती गर्दी जमली होती. "आता आलोच आहोत, तर त्या पोराची सही घेऊन दे मला," ती म्हणाली आणि तिने पर्समधून डायरी काढून त्याच्या हातात दिली. भूत निमूटपणे रांगेत उभा राहिला. बायको त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

नट भला माणूस होता. सही करून त्याने डायरी परत दिली आणि सहज विचारलं, "तुम्हीही आहात का सिनेमात?"

"नाही," भूत म्हणाला, बायकोला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.