तोंडातले खिळे

"खिळे तोंडात असले की बोलू नकोस पोरा, गिळशील!"

उस्तादांचा हा आवाज सोफेवाल्याच्या कानात अजून ताजा होता. एकेक खिळा जिभेनं ओठांशी आणायचा, हातोडीला द्यायचा, ठोकायचा. असं करता करता उभा जन्म मुका गेला. बायको सांगत सुटायची, "लग्नाला होकारसुद्धा यांनी मानेनंच दिला!"

आता हृदय थकलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रोज चाला, पण बोलत चाला. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं, बसायचं. जमलं तर मग हातोडीचं बघू." आणि बायकोकडे वळून, "लक्ष तुम्ही ठेवा."

म्हणजे सगळं दुकान आता त्याच्या जिभेवर येऊन उभं राहिलं होतं. रस्ताभर बायकोच बोलायची. चढ आला की तो ओठ मिटून घ्यायचा. तिला वाटायचं, हे असेच.

उद्या तपासणी होती. कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान मागे पडल्यावर ती म्हणाली, "आज मी गप्प. खुर्ची कशी भरतात, सांगा."

"तुला गं काय करायचंय?"

"उद्या मीच दुकान चालवीन म्हणते."

तो हसला. "गिऱ्हाइकं पळतील. बरं, ऐक. आधी सांगाडा हलवून बघायचा. कुरकुरला तर सांधे आवळायचे. मग पट्टे, आडवे-उभे, विणल्यासारखे, ताणून. पट्टा ढिला राहिला की बसल्या जागी माणूस खचतो. मग स्प्रिंगा... त्यावर गोणपाट... त्यावर काथ्या..."

चढ लागला होता. त्यानं ओठ मिटले.

ती वाट बघत राहिली. काथ्यावर काय, ते आलंच नाही. त्या मिटलेल्या ओठांकडे तिनं नीट पाहिलं, मग त्याच्या हनुवटीखाली तळवा धरला. दुकानात जेवायला बोलवायला गेली की उरलेले खिळे घ्यायला धरायची, तस्साच.

"टाका बघू इथे."

तो कठड्यावर बसला. श्वास आत-बाहेर, आत-बाहेर, हळूहळू जागेवर आला. तळवा अजून पुढेच होता.

"दम लागतो गं मला," तो म्हणाला. "चालायच्या पहिल्या दिवसापासून लागतो. तू स्वभाव समजलीस, मी समजू दिलं. दुकान जाईल म्हणून. आता तर रात्री आडवं व्हायचीसुद्धा भीती वाटते."